उगाचचा रकाना

२ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! बॅग ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि आधी ही डायरी काढली. डायरी चिमणीने दिली. चिमणी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. एकोणीस वर्षांची आहे, दिवसभर बॅडमिंटन आणि उरलेल्या वेळात बडबड. मला मूलबाळ नाही, त्यामुळे तिचे लाड करणं हाच माझा छंद. निघताना म्हणाली की मावशी, तिथे तुला भांडायला कुणी नसेल, तेव्हा हिच्याशी भांड.

घर मोठं छान आहे. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि ताईंची खोली. वर दोन खोल्या, एक माझी आणि एक वहिनींची. मध्ये एकोणीस पायऱ्यांचा लाकडी जिना. मी आल्या आल्या दोनदा चढून उतरून बघितला, जराही दम लागला नाही. घरी मला भिंगरी म्हणतात. माझ्या खिडकीतून समोर शिंप्याचं दुकान दिसतं, तो दिवसभर मशीन चालवतो आणि मध्येच मान वर करून रस्त्यावरच्या बायका बघतो. चालायचंच.

ताई घराच्या मालकीण. मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या, पण शाळेची घंटा अजून त्यांच्या अंगात आहे. सातचा चहा म्हणजे सातला. वहिनी म्हणजे त्यांची भावजय असावी, निदान मी तरी तसं समजले. भाऊ कुठे असतो ते कुणी बोललं नाही, आणि पहिल्याच दिवशी भोचकपणा नको म्हणून मीही विचारलं नाही. वहिनींना सांध्यांचं जुनं दुखणं आहे, अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं सगळं बघायचं आणि त्यांचं मन जरा हलकं ठेवायचं, हे माझं काम.

मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर अकरा वर्षं काढली. मग तिथे मशीन आलं आणि मला नारळ मिळाला. पण एक विद्या कमावली. बाई खिडकीशी आली की तिचं तोंड बघून मी सांगायचे, हिला खरंच दुखतंय की चार दिवस कामातून सुटका हवी आहे. ताईंना हे सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या की मला आणखी एक बिस्किट मिळालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कामाची रीत कळली. वहिनींच्या उशाशी एक लांबुळकी नोंदवही असते. त्यात ताईंनी पट्टीने रकाने आखलेत. तारीख, वेळ, कुठे दुखतंय, आणि शेवटी दोन रकाने : ‘खरं’ आणि ‘उगाच’. वहिनींनी तक्रार केली की मी त्यांच्याकडे नीट बघायचं आणि दोनातल्या एका रकान्यात खूण करायची. ताई स्वतः वहीला हात लावत नाहीत. म्हणाल्या की घरच्या माणसाची नजर साफ नसते, बाहेरचंच माणूस हवं. दिवसात तीन ‘उगाच’ झाले तर संध्याकाळची गोळी बंद.

मी जरा चपापले. तर ताई म्हणाल्या, डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, एकातही काही निघालं नाही, लक्ष दिलं की दुखणं शेफारतं. शेफारतं! मला शब्द फार पटला.

वहिनी चाळिशीच्या असतील. चेहरा नितळ, गाल भरलेले. बघितलं तर कुणी म्हणणार नाही की ही बाई आजारी आहे. हात मात्र मांडीवर उलटे टाकून बसतात, जसे काही दुसऱ्याचे आहेत. सकाळी त्यांनी डावा घोटा दाखवला. सुजला होता, लाल होता, हात लावला तर गरम लागला. मी ‘खरं’वर खूण केली. तर काय, बाई माझं मनगट धरून ढसाढसा रडल्या! मी म्हटलं अहो झालं काय, तर बोलता येईना. एका खुणेसाठी एवढं रडं? म्हणजे हिला औषध नकोय, हिला कुणीतरी लक्ष द्यायला हवंय. मी तिथल्या तिथे ओळखलं.

मग डोळे पुसून म्हणाल्या की बाई, तुमच्या भल्यासाठी सांगते, त्या दुसऱ्या रकान्यात कधी खूण करू नका. जे उगाच लिहाल ते तुमच्याकडे येईल. मी हसू दाबलं. बघा हं, पहिल्याच दिवशी धमकी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल आणि आज पुन्हा तेच पालुपद, उगाच लिहू नका, उगाच लिहू नका. तीन दिवस झाले. आज सकाळी उजवा अंगठा दुखतो म्हणाल्या, चमचा धरवेना. अंगठ्याला ना सूज, ना लाली. मी टक लावून बघितलं आणि ठसठशीत खूण केली. उगाच.

वहिनी खुणेकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर रागबिग काही नव्हता, कीव होती. माझी कीव! मला हसू आलं आणि थोडा रागही आला. सूप मीच भरवलं.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस माझाच अंगठा ठणकतोय. फरशीचं फडकं पिळताना लचकला असणार. ताईंकडून मलम घेतलं. बाटलीचं झाकण उघडेना, शेवटी वहिनींनी हात पुढे केला आणि सहज फिरवून दिलं. म्हटलं, वा! कालपर्यंत चमचा धरवत नव्हता ना? त्यांनी मान खाली घातली. चोरी पकडली गेली की माणूस असंच गप्प होतं.

चिमणीचा फोन आला होता. एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, पोरगी पाचला उठून पळते. म्हणाली की मावशी, मी निवडले गेले तर पहिली रॅकेट तुला देणार, भिंतीवर लावायला. गुणाची आहे माझी चिमणी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनींचं दुखणं सोमवारपासून जागा बदलत चाललंय. डावा गुडघा, मग उजवा, मग मनगटं. आज कळस झाला. म्हणाल्या, चादरीचं ओझं होतं, पायाच्या बोटांवर सहन होत नाही. पातळ सुती चादर हो! मी विचारलं, आता काय हवेची चादर शिवून आणू समोरच्या शिंप्याकडून? त्यावर म्हणाल्या, आणि केस दुखतात.

केस दुखतात! मी पोट धरून हसले. नखं नाही का दुखत, विचारलं. चादर उगाच, केस उगाच, मनगटं उगाच. तीन झाले, गोळी बंद. ताईंनी वही बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मला कण्हणं ऐकवत नाही, हे खरं आहे. आई जन्मभर कण्हत राहिली. भांडी घासताना कण्हायची, बसताना कण्हायची, शाळेच्या कार्यक्रमाला आली तर तिथेही. मी एकदा तिला म्हणाले होते की कण्हण्याची काही स्पर्धा असती तर तुला ढाल मिळाली असती. ती हसली होती. गेली तेव्हाही डॉक्टर म्हणाले की तसं काही विशेष नव्हतं.

एक लक्षात आलं. वहिनींनी ती धमकी द्यायचं सोडलंय. शुक्रवारपासून एकदाही नाही. आता तक्रार सांगतात आणि मी कुठे खूण करते ते बघत बसतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज वहिनींनी स्वतःचे केस स्वतः विंचरले! हात डोक्यापर्यंत गेला, वेणी घातली, वर गाऊनची बटणंही लावली. ताईंनी माझं तोंडभर कौतुक केलं. म्हणाल्या, आधीच्या बाईला हे इतक्या लवकर जमलं नव्हतं. मी हवेत.

मला बाकी बरं नाही. सकाळी उठले तर मुठी मिटेनात. अर्धा तास गरम पाण्यात हात बुडवून बसले, तेव्हा कुठे ब्रश धरता आला. जिना उतरताना कठडा धरावा लागला. थंडी बाधली असेल. गादीही खाली गेलीय एका बाजूने.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी आज खिडकीशी उभ्या होत्या. उभ्या! मी चहा घेऊन गेले तर वळून म्हणाल्या की आज एक वेगळं दुखतंय. इतके महिने माझ्याकडे सगळे बघतात पण मी कुणाला दिसत नाही. सांगून सांगून असं झालंय की मलाच खरं वाटेनासं झालंय, मी आहे का नाही तेच कळत नाही. सकाळी डोळा उघडला की वाटतं, कशाला उघडला.

त्यांचा आवाज अगदी सपाट होता. पण ‘कुठे’ या रकान्यात काय लिहायचं, हाच मला प्रश्न. शेवटी लिहिलं, मन. आणि पुढे उगाच. उभी राहून चहा पिणाऱ्या बाईला काय झालंय मनाला!

त्यांनी खूण बघितली आणि इतका लांब श्वास सोडला, की माझ्या हातातली बशी वाजली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. भिंगरी म्हणे! डॉक्टरांनी परवाच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट चाळले, म्हणाले सगळं नॉर्मल आहे, वय झालं की होतं, टेन्शन घेऊ नका, घरात काही कुरबुर आहे का? मी म्हटलं अहो मुठी मिटत नाहीत. ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं केस दुखतात. तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हसू आवरलं.

पण खरंच दुखतात. कंगवा लागला की टाळूवरून कुणी सुया ओढतंय असं होतं. चादर अंगावर घेववत नाही.

बाहेर खिडकीतली मुलगी माझी पावती करताना मला खालीवर बघत होती. ती नजर मी ओळखली. अकरा वर्षं मी तशीच बघितली आहे.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, तू ना, आईवर गेलीस.

१ मार्च, रविवार

दुपारी बाथरूमच्या नळाखाली बसून रडले. कशासाठी, ते सांगता येत नाही. जीव नकोसा झालाय, पण कुणाला सांगावं असंही वाटत नाही. सांगून काय, बघतात आणि दिसत नाही त्यांना.

हे वाक्य माझं नाही. हे मी लिहून घेतलेलं आहे.

उठले, धरत धरत वहिनींच्या खोलीत गेले, नोंदवही उघडली आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं. उजवा अंगठा, माझा ८ तारखेला. गुडघे, माझे. मनगटं, चादर, केस. मन. सगळं त्याच क्रमाने, दोन-चार दिवस मागेपुढे. महिन्याभरात मी फक्त दोन वेळा ‘खरं’ लिहिलंय, डावा घोटा आणि एकदा ताप. माझा डावा घोटा ठणठणीत आहे. मला तापही नाही. माझ्या अंगावर एकसुद्धा खरं दुखत नाही, जे दुखतंय ते सगळं उगाच.

वहिनी पलंगावर बसून नखं कापत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, कळलं का?

४ मार्च, बुधवार

पेनाला रुमाल गुंडाळून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

तीन दिवस सगळं ‘खरं’ लिहिलं. काही उपयोग नाही. जे आलंय ते आलंय. जुन्या खुणा खोडून बघितल्या, कागद फाटला, गुडघा तसाच.

खालच्या फळीवर आणखी तीन नोंदवह्या सापडल्या. पहिली ताईंच्या अक्षरात, फळ्यावरच्यासारखं सरळ अक्षर. दुसरी कुणाच्या गोलगोल अक्षरात. तिसरी तिरप्या. आणि ते तिरपं अक्षर मला माहीत आहे. काल वहिनीने शिंप्याला ब्लाउजची मापं लिहून दिली तेव्हा बघितलं होतं.

विचारलं. तिने लपवलं नाही. ती कुणाची वहिनीबिहिनी नाही. माझ्यासारखीच कामाला आली होती, दोन वर्षांपूर्वी; मध्ये आलेल्या बायका सगळं खरं लिहून सोडून गेल्या. त्या पलंगावर जी असते तिला या घरात वहिनी म्हणतात, एवढंच. ताईंची खरी भावजय पहिली. ताईंनी तिचं सगळं उगाच लिहिलं. ती बरी झाली आणि निघून गेली, पुन्हा तोंड दाखवलं नाही.

मी किंचाळले की मग मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तीन दिवस सांगितलं, तुम्ही हसलात. चौथ्या दिवशी माझा अंगठा उघडला. पावणेदोन वर्षांनी अंगठा उघडला हो. मग माझं तोंड मिटलं.

मी असते तर मेले असते पण असं केलं नसतं, असं तिला म्हणाले. ती म्हणाली, बघू.

५ मार्च, गुरुवार

ती गेली. सकाळी, बॅग घेऊन. जिन्यावरून तिची पावलं मोजली, एकोणीस. डावा घोटा तेवढा ओढत होती. तो मी खरा लिहिला होता.

९ मार्च, सोमवार

माझा पलंग हलवला. म्हणजे मलाच हलवलं, तिच्या खोलीत. बटणं ताई लावतात. आज दूधवाला खालून ओरडला की वहिनी कशा आहेत, आणि ताई म्हणाल्या, आहेत तशाच.

मी म्हटलं मी वहिनी नाही. ताईंनी चादर सारखी केली. शांतपणे म्हणाल्या की मीही चार महिने होते इथे. मला वाटलं होतं भावजय सोंग करते. अकरा वर्षं वाटलं. मग वहीत तसं लिहिलं आणि ते माझ्याकडे आलं, तेव्हा मी एक नर्स ठेवली आणि वही तिच्या हातात दिली. कुणीतरी झोपायलाच हवं आणि कुणीतरी लिहायलाच हवं. वही रिकामी राहिली की ते माझ्याकडे परत यायला बघतं.

मी म्हटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही?

म्हणाल्या, वाटतं ना. पण उभं राहून वाटतं.

१३ मार्च

चादर काढा म्हटलं तर थंडी वाजेल म्हणतात. बोटांवर दगड ठेवल्यासारखं —

आई, खरं होतं ना गं तुझं. सगळं खरं होतं. मी ढाल म्हणाले होते. तू हसलीस.

१५ मार्च, रविवार

वही दहा दिवस कोरी आहे. आज ताईंनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. मला बरं वाटलं. मग त्या खाली गेल्या आणि फोनवर बोलत राहिल्या, बराच वेळ, गोड आवाजात. माझ्या बहिणीचं नाव घेतलं.

नाही. नाही नाही.

१८ मार्च, बुधवार

चिमणी आली.

जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. रॅकेट पाठीला. गळ्यात पडली, मी ओरडले, ती घाबरून मागे सरली. म्हणाली की आई म्हणत होती मावशीचं नाटक बघून ये, पण मी ठरवलंय, तू बरी होईपर्यंत हलणार नाही. सराव काय, इथल्या भिंतीवरही होतो. मी म्हटलं घरी जा. आत्ताच्या आत्ता जा. ती म्हणाली, गप गं.

ताईंनी तिच्या हातात वही दिली.

१९ मार्च

तिने माझे गुडघे बघितले. हात लावला. खरं. मनगटं, खरं. प्रत्येक खूण मला दाखवत होती, बघ मावशी, खरं. मी ढसाढसा रडले. दुखणं तसूभर कमी झालं नाही, पण मी आहे असं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

ती असंच लिहीत राहिली तर तिला काही होणार नाही. मला जन्मभर असंच राहावं लागेल. राहीन. मी त्या बाईसारखी नाही.

२० मार्च, शुक्रवार

पण ताई तिला शिकवतायत, शेफारतं म्हणून. एखाद दिवशी ही पोर दमेल, कंटाळेल, आणि एक खूण — म्हणून तिला सगळं सांगितलं. वह्या, अक्षरं, अंगठा, सगळं. दुसऱ्या रकान्यात कधी खूण करू नकोस, जे उगाच लिहिशील ते तुझ्याकडे येईल.

बोलताना माझेच शब्द मला ऐकू येत होते. तेच शब्द.

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली की मावशी, तुझं आपलं काहीतरीच. किती घाबरली आहेस तू. हे बघ, काही होत नाही, मी तुला दाखवतेच. आणि वही ओढून, माझ्या डोळ्यांदेखत, हसत, उजवा अंगठा —

उगाच.

२१ मार्च

अंगठा उघडला.

आधी कळलंच नाही. पेन धरलं आणि रुमाल गळून पडला. वाकवला, सरळ केला, वाकवला. काही नाही! बाटलीचं झाकण फिरवून बघितलं. फिरलं. दहा वेळा फिरवलं.

देवा, इतकं सोपं असतं, झाकण फिरवणं.

२२ मार्च, रविवार

भिंतीवर शटल वाजत होतं. मग थांबलं. चिमणी वर आली, म्हणाली रॅकेट हातातून निसटतेय सारखी, अंगठा लचकला वाटतं.

सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तिने विचारलं, तुझा कसा आहे? मी अंगठा चादरीखाली घेतला —

म्हणाले, तसाच.

२३ मार्च, सोमवार

आज सांगणार. एक अंगठा दाखवला की तिला पटेल. निवड एप्रिलमध्ये. आत्ता गेली तर फक्त अंगठाच जाईल तिचा, बाकी सगळी वाचेल. सांगणार म्हणजे सांगणार.

मनगट तेवढं सुटलं असतं तर — एक मनगट. स्वतःची वेणी. एकदा जिना.

ती तरुण आहे. तिचं लवकर —

छे. काय लिहितेय मी हे.

जिन्यावर पावलं. एक-एक पायरी येतेय आज, दोन-दोन नाही. वही वाजली. दारात उभी आहे, हसतेय, पेन डाव्या हातात. विचारतेय की मावशी, आज कुठे दुखतंय?

सांगते. सांगते गं राणी. खरं तेच सांगते.

केस